पुटअप

सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला वाचायला फारसं काही नसतं, ऐकायला मात्र भरपूर असतं. नागरिकांची सनद भिंतीवर टांगलेली असते, ती कुणी वाचत नाही. झेरॉक्सवाला, अर्ज लिहून देणारा, पाणी विचारणारा, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीत असाच एकदा बाकावर बसलो होतो. शेजारी एक आबा, मांडीवर कागदांची कॅरीबॅग. ओळखीचा कुणी जाता जाता थांबला. ‘काय करायलाव इथं, आबा?’ आबा म्हणाले, ‘रस्त्याची केस हाय की. फाइल पुटप झालीय म्हणं. सायबाची सई तेवढी ऱ्हायलीय.’

‘करायलाव’ हे आमच्याकडचं. ‘करायला लागलात’ याला दाबून दाबून त्याचं एवढंसं केलेलं. पुण्याकडचा माणूस ते ऐकून गालात हसतो, ‘पुटप’ ऐकून तर मोठ्यानं हसेल. मला काही हसू आलं नाही, कारण आबांनी शब्द अगदी जागच्या जागी वापरला होता. शेतात गाडी न्यायची वाट शेजाऱ्यानं नांगरून टाकली की माणूस तहसीलदाराकडं धाव घेतो. 1906 सालचा मामलेदार न्यायालय अधिनियम अजूनही त्या कामाला येतो. अर्ज दाखल होतो, कारकून टिपणी लिहितो, लाल फीत बांधतो आणि फाइल वरच्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवतो. ठेवणं म्हणजे पुट आणि वर म्हणजे अप. व्याकरणाच्या पुस्तकात ज्या शब्दाचा अर्थ लागता लागत नाही, तो इथं कारकुनाच्या हातात दिसतो.

गंमत अशी की त्याच टिपणीच्या तळाशी ‘सविनय सादर’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. लिहायला सादर, बोलायला पुटअप. राजभाषेचा अधिनियम 1964 चा, त्यानंतर परिभाषा कोश निघाले, पाट्या बदलल्या, अधिकाऱ्यांची पदनामं बदलली. पुटअप आपल्या जागेवरून हलला नाही. ‘साहेब, फाइल सादर केली’ असं तोंडानं म्हणणारा कारकून मी अजून पाहिलेला नाही. आणि कुणी म्हणालाच तर साहेब चमकून वर बघतील, असं मला वाटतं.

हा ‘अप’ एकदा कानात बसला की तो सगळीकडं ऐकू यायला लागतो. आडतीवर सोयाबीन नेणारी गाडी म्हणजे पिकअप. जुन्या मोटारसायकलला चढावर पिकअप राहत नाही. दवाखान्यात चेकअप, पोलिसांकडं लॉकअप, लग्नघरी मेकअप, मोबाइलचा बॅकअप आणि हल्ली पोरापोरींचा ब्रेकअप. कामाचा फॉलोअप. 2015 साली गॅसचं अनुदान सोडून द्या म्हणून ‘गिव्ह इट अप’ची मोहीम निघाली, तेव्हा तर आख्खं इंग्रजी वाक्यच फलकावर चढून बसलं. पिकअप, चेकअप, बॅकअप ही इंग्रजीत मुळात क्रिया सांगणारी जोडी. इंग्रजीनंच त्यांची नामं करून टाकली, आपण ती सरळ उचलली आणि मग त्या नामांना आपली क्रियापदं लावली. चेकअप करून घ्या. बॅकअप घेऊन ठेव. फाइल पुटअप करून टाका.

शेवटच्या त्या ‘घ्या’, ‘ठेव’, ‘टाका’ यांच्याकडं जरा बघावं. इंग्रजांनी ‘अप’ लावून ठेवलेलाच होता, मराठी कानाला तो पुरला नाही. इंग्रजी क्रियापदाला अर्थ फिरवायला पुढं एक चिमुकला शब्द लागतो. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, गिव्ह इन म्हणजे नमणं, गिव्ह आउट म्हणजे वाटणं किंवा पाय गळणं. मराठीत तेच काम दुसरं क्रियापद करतं. पहिलं क्रियापद अंग, दुसरं शेपूट. अंग तेच ठेवून शेपूट बदललं की जनावर बदलतं. भाकरी करून ठेव म्हटलं तर कुणीतरी उशिरा येणार आहे. करून घे म्हटलं तर नंतर दुसरं काम आहे. करून दे म्हटलं तर कुणाचं तरी अडलंय. करून टाक म्हटलं तर बोलणाराच त्या भाकरीला कंटाळलाय. आणि ‘करून बसली’ म्हटलं की भाकरी कुणी मागितलीच नव्हती, हे सांगायला आणखी शब्द लागत नाहीत. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या व्याकरणात संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे. तिच्यातली तर्कशुद्धता मोठी, पण भाकरीचा वास चुलीपाशीच येतो.

डॉक्टर जॉन्सननं 1755 साली आपला इंग्रजी कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं की ही जोडक्रियापदं परक्या माणसाला सगळ्यात अवघड जातात. या प्रकाराला नाव मिळायला मात्र आणखी पावणेदोनशे वर्षं जावी लागली. 1925 साली लोगन पिअरसल स्मिथ यांनी ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा पुस्तकात छापली आणि ती आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली, असंही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. तोवर इंग्रज ती क्रियापदं नावाशिवायच बोलत होते. आपणही शेपटीची क्रियापदं तशीच बोलत आलो.

माझी भाची दहावीला होती तेव्हा तिच्या गाइडात या क्रियापदांची दोन रकान्यांची यादी होती. ती यादी ती डोलत डोलत पाठ करायची. पुट ऑन, अंगात घालणे. पुट ऑफ, लांबणीवर टाकणे. पुट आउट, विझवणे. पुट अप विथ, सहन करणे. शेवटच्यावर येऊन ती नेहमी अडखळायची. ठेव, वर, सोबत, यातून सहन करणं कसं काय निघतं, असं तिनं मला विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. मी काहीतरी सांगितलं, तिला ते पटलं नाही. मग तिनं मोर्चा आजीकडं वळवला. आई अंगणात सुपात तूर घेऊन बसली होती. भाचीनं गाइडातलं वाक्य आजीसाठी मराठीत सांगितलं, ‘मी हा गोंगाट सहन करू शकत नाही.’ आईनं सूप न थांबवता म्हटलं, ‘गोंगाटाचं काय सहन करायचं गं? चालवून घ्यायचं. सहन करायला ते काय बाळंतपण हाय?’

पोरगी हसली, मीही हसलो. पण आईनं एका फटक्यात गाइडाच्या दोन्ही रकान्यांच्या मधली रेघ पुसली होती.

मी तेव्हापासून ते एक क्रियापद आईच्या तोंडी कसं येतं ते ऐकत आलो. ‘सहन करणं’ तिच्या बोलण्यात जवळपास नाहीच. ते टीव्हीवरच्या मालिकांतल्या बायका करतात. आमटीत चिंच कमी पडली तर चालवून घ्यायचं. जावई अबोल निघाला तरी चालवून घ्यायचं. चालवून घेण्यात उणेपणा समोरच्याचा असतो आणि मोठेपणा घेणाऱ्याचा, म्हणूनच तिथं ‘घेणं’ हे शेपूट लागतं. घेतला तो शहाणा. नात्यात मोठं काही बिनसलं तर मात्र ती ‘निभावून न्यायचं’ म्हणते. इथं ‘नेणं’ आलं, म्हणजे पलीकडचा काठ आला. कुठंतरी पोचायचं आहे आणि तोवर पडू द्यायचं नाही. पैसा, पाणी, पीठ असं मोजता येणारं काही कमी असलं की भागवायचं. आणि देहाला जे होतं ते सोसायचं. त्याला ती शेपूट लावत नाही. ‘लई सोसलं तिनं’ एवढंच म्हणते आणि गप्प होते.

दुष्काळाला पुन्हा वेगळं क्रियापद. बहात्तरचं साल आमच्या भागात अजून नावानिशी ओळखलं जातं. सुकडी, मिलोच्या लालसर भाकरी, रोजगार हमीच्या कायद्याआधीची ती खडी फोडायची कामं. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, ‘बहात्तर काढलं’ असंच उत्तर येईल. दिवस काढले, साल काढलं. पायातला काटा काढावा तसं ते साल अंगातून ओढून बाहेर काढलेलं असतं आणि जिथून काढलं ती जागा अजून हुळहुळत असते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूर शहराला रेल्वेनं पाणी आलं. 12 तारखेला पहिली गाडी लागली, दहा वाघिणींची, जवळपास पाच लाख लिटर पाणी घेऊन. देशभरातली वर्तमानपत्रं त्या गाडीचे फोटो छापत होती. आमच्या घरी त्या उन्हाळ्यात राखेनं भांडी घासली जायची आणि आंघोळीचं पाणी परातीत धरून ते संडासाला वापरलं जायचं. आई रोज सकाळी हंड्यात डोकावायची आणि म्हणायची, ‘भागंल.’ ‘सहन करूया’ म्हणाली असती तर मला वाटतं आम्ही सगळे घाबरलो असतो.

राहिलं ‘खपवून घेणं’. हे क्रियापद घरात फारसं येत नाही. ते सभेत आणि वर्तमानपत्रात राहतं, आणि बहुतेक वेळा नकारातच. ‘मराठवाड्यावरचा अन्याय खपवून घेतला जाणार नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. कर्ता वेगवेगळा असतो, अन्याय तोच असतो, आणि तो खपतही असतो. इंग्रजीतही पुट अप विथ बऱ्याचदा नकारातच भेटतं. वाक्याचा शेवट अशा चिमुकल्या शब्दावर करू नये, या नियमाची टर उडवताना कुणीतरी हे क्रियापद उलटंपालटं करून, त्याचे चिमुकले शब्द आधी आणि ‘पुट’ शेवटी असं वाक्य केलं होतं. तो विनोद चर्चिलच्या नावावर खपवला जातो. चर्चिल असं म्हणाला याचा धड पुरावा नाही, पण मोठ्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

खपणं हे मात्र अजब क्रियापद आहे. दुकानात माल खपतो. माणूस रात्रंदिवस खपतो. म्हातारं माणूस एक दिवस खपतं. अपमान खपवून घेतला जातो. विकलं जाणं, राबणं, मरणं आणि सोसणं ही चारही कामं एका धातूनं करावीत, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थोडा वेळ वही मिटून बसलो होतो.

इंग्रजी ‘पुट अप’ही असंच आहे. पाहुण्याला रात्रीपुरता आसरा देणं, भिंतीवर फोटो लावणं, भाव चढवणं, फाइल वर ठेवणं, आणि गुरं विकायला बाजारात उभी करणं, हे सगळं पुट अप. यातलं शेवटचं आमच्या गावाच्या फार जवळचं. देवणी हे नाव ज्याला गाव म्हणून माहीत नाही त्याला गाय म्हणून माहीत असतं. हा गोवंश आमचा. तीन तऱ्हा असतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. सगळाच पांढरा तो बालंक्या. पांढऱ्यावर काळे ठिपके विस्कटलेले तो शेवरा. कपाळ पुढं आलेलं, कान लांब आणि लोंबते, पोळी झुलती. दूधही बरं आणि नांगरालाही बरा, असा हा दुहेरी कामाचा वंश.

लहानपणी काकांबरोबर हाळी-हंडरगुळीच्या गुरांच्या बाजाराला गेलो होतो. आमचा एक वानेरा तिथं उभा केला होता. दात बघणारे एकामागून एक येत होते, ओठ वर करून बोट फिरवत होते. आदत, दुसा, चौसा, जुळला, या शब्दांत बैलाचं वय सांगतात, साल कुणी विचारत नाही. सौदा रुमालाखाली. दलालाचा हात आणि काकांचा हात एका उपरण्याखाली, बोटं दाबली जातायत, तोंडावर दोघांच्याही काही नाही. शेजारच्या गावचे एक ओळखीचे पाटील आले, त्यांनी बैलाकडं पाहिलं आणि काकांना विचारलं, ‘काढला का?’ काका म्हणाले, ‘काढावा लागला.’

त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पुढं कधीतरी आईचं ‘बहात्तर काढलं’ आणि काकांचं ‘काढावा लागला’ हे दोन्ही एकदम आठवलं. बैल बाजारात काढायचा आणि दिवसही काढायचे. इंग्रजीत पुट अप केलं की विकायला ठेवलं आणि पुढं विथ लावलं की सोसलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता विकणं आणि सोसणं एकाच खुंट्याला बांधून ठेवलंय. शेतकरी माणसाला यात नवल वाटू नये. ज्या वर्षी दिवस काढावे लागतात त्याच वर्षी बैल काढावा लागतो.

त्या बाजारात आणखी एक गोष्ट कानावर पडायची, तिचं महत्त्व फार उशिरा कळलं. भालकी-बिदरकडचे व्यापारी कन्नड बोलत, काही तेलुगू, दलाल उर्दू मिसळून बोलत. कन्नड माणूस ‘माडिको’ म्हणतो, म्हणजे करून घे. ‘माडिकोडु’ म्हणजे करून दे. ‘माडिबिडु’ म्हणजे करून टाक. तेलुगूवाला ‘चेसुको’ म्हणतो, ‘चेसिपेट्टु’ म्हणतो, ‘चेसेय्’ म्हणतो, तेही घेणं, ठेवणं आणि टाकणंच. उर्दूत कर लो, कर दो, कर डालो. भाषा चार, त्यातल्या दोन द्राविड कुळातल्या, पण शेपूट लावायची रीत एकच. एकमेकांची भाषा अर्धीमुर्धीच येत असताना तिथं व्यवहार का अडत नव्हता, याचं थोडंफार उत्तर मला यात दिसतं. समोरचा काय म्हणतोय ते शब्दानं कळलं नाही तरी तो घेतोय, देतोय की टाकतोय ते ठेक्यावरून कळायचं.

एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1956 साली एक लेख लिहिला. भारतातल्या भाषांची कुळं वेगळी असली तरी शेजाराशेजारानं राहून त्या एकमेकींसारख्या झाल्यात, असं त्याचं म्हणणं होतं. पुढं 1976 साली कॉलिन मॅसिका यांनी तर अशा शेपटीच्या क्रियापदांचाच नकाशा काढला. यातल्या पहिल्या सालाकडं माझं लक्ष जातं. त्याच 1956 च्या 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली. तोवर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. ते मुंबई राज्यात आले आणि उरलेल्या बिदरचा मोठा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आमची देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात, म्हणजे आम्ही इकडे आलो. भाषा वेगळ्या म्हणून रेघ ओढली गेली आणि त्याच वर्षी एक परदेशी गृहस्थ लिहीत होता की या भाषा आतून एक झालेल्या आहेत. दोघांचंही बरोबर होतं. रेघ ओढावी लागली, आणि बाजार त्या रेघेच्या दोन्ही अंगांनी चालत राहिला.

आता तिथं पूर्वीइतके बैल येत नाहीत. ट्रॅक्टर आले, चारा महागला. देवणी गाईच्या पैदाशीचे प्रकल्प आहेत, प्रदर्शनांत वळूंना फेटे बांधतात, फोटो काढतात. वाचवून ठेवायचं म्हणतात सगळे. ‘वाचवून ठेवणं’ हेही तसं शेपटीचंच. फळीवर नीट मांडून ठेवलेल्या वस्तूबद्दल बोलतात तसं ते ऐकू येतं, आणि मला ते फारसं आवडत नाही. बैलाला ठेवून काय करायचं? त्याला चालवावं लागतं.

भाचीला त्या परीक्षेत बरे मार्क पडले. पुट अप विथ तिला आता कोड्यासारखं वाटत नाही. हैदराबादच्या एका कंपनीत ती दिवसभर इंग्रजीत बोलते आणि ‘शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मी पुट अप करून घेते’ असं फोनवर सांगते. ‘विथ’ गळाला, ‘घेते’ चिकटलं. इंग्रजीच्या बाईंनी ऐकलं असतं तर खाली लाल रेघ ओढली असती. मी ते ऐकलं आणि मनातल्या मनात पूर्ण गुण देऊन टाकले.

दहावीचं इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या भागातल्या मास्तरांना एक विनंती आहे. ही यादी फळ्यावर लिहायच्या आदल्या दिवशी पोरांना घरी पाठवा आणि आईला, आज्जीला विचारून यायला सांगा की भाजीत मीठ कमी असलं तर काय करतात, पाणी कमी असलं तर काय करतात, आणि दुष्काळाचं काय केलं होतं. उत्तरं वहीत लिहून आणू द्या. मग इंग्रजी शब्द शिकवा. गाइडातला ‘सहन करणे’ हा अर्थ चुकीचा नाही, फक्त आमच्याकडं तो फारसा कुणी वापरत नाही.